चिंचोक्यांचा खटला

मी गुन्हेगार आहे की गाढव, यांपैकी काहीतरी एक विट्याच्या कोर्टात ठरायचं होतं. गुन्हेगार ठरलो असतो तर मास्तरकी जाऊन वर पेन्शनही गेली असती. आणि पेन्शन एका वर्षावर आली होती. तिसरी वाट शोधून देतो असं लालासाहेब वकील म्हणाला होता, पण लालासाहेब माझाच विद्यार्थी. गणितात मी त्याला दोनदा नापास केलेला आहे. त्यामुळे त्याच्या शोधण्यावर माझा फारसा भरवसा नव्हता.

लढाई संपून वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. कडेगावात मारुतीच्या देवळापुढच्या पारावर दर रविवारी दुपारी आम्ही चौघे पत्ते खेळायला बसायचो. सयाजी सुभेदार हे पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर. आप्पासोचा ऊस आणि गुऱ्हाळ. तात्याबाचं कापडाचं दुकान. आणि चौथा मी, शाळेत गणित शिकवणारा, म्हणजे हिशेबाने सगळ्यांत शहाणा. पूर्वी आम्ही मेंढीकोट खेळायचो. तो सभ्य खेळ आहे. त्यात भिडू असतो आणि हरलं की दोष त्याच्यावर ढकलता येतो. पण सुभेदारांचा मुलगा पलटणीतून रजेवर आला तो रमी शिकून आला, आणि मेंढीकोट बंद पडला. रमीत भिडू नसतो. त्या खेळातला हा मुख्य दोष.

ज्यांना रमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन जोड एकत्र पिसून प्रत्येकाला तेरा पानं वाटायची. आपली पाळी आली की एक उचलायचं, एक टाकायचं. एका रंगाची ओळीनं किंवा एका नंबरची तीन-तीन, चार-चार अशी सगळी जुळली की डाव लागला. सुभेदारांनी यावर पलटणीचे कायदे बसवले होते. वाईट पानं आली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. टाकलेलं पान परत घ्यायचं नाही. खेळणाऱ्याच्या पाठीमागे कुणी थांबायचं नाही. आणि वाटलेली पानं उचलताच सगळीच्या सगळी जुळलेली निघाली, तर त्यानं ती तिथंच मांडायची आणि सगळ्यांचे सगळे चिंचोके घ्यायचे. असं कुणाला कधी झालेलं नव्हतं. त्याचा संभव किती, हे मी एकदा मांडायला घेतलं होतं, पण रविवार संपला आणि ते तसंच राहिलं.

होय, चिंचोके. आम्ही पैशावर कधी खेळलो नाही. प्रत्येकानं एक मूठ चिंचोके घ्यायचे, ज्याचा डाव लागेल त्याला बाकीच्यांनी त्यातले मोजून द्यायचे, ज्याचे आधी संपतील तो हरला आणि ज्याच्यापुढे जास्त असतील तो जिंकला. हरणाऱ्याच्या घरून चौघांना चहा यायचा. तिघांना गुळाचा आणि जिंकणाऱ्याला साखरेचा. साखर रेशनवर होती हे ज्यांना आठवत असेल त्यांना ही पैज केवढी मोठी होती ते कळेल. आमचं गाव उसात बुडालेलं, पण साखर म्हटलं की कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं. साखरेचा चहा पिणारा माणूस कप जरा वर धरून प्यायचा.

आता हे सांगायला नको की रमी सुरू झाल्यापासून चहा दर रविवारी माझ्याच घरून आला. माझी पत्नी लीलाबाई पहिले काही रविवार काही बोलली नाही. मग ती साखरेचा डबा वाजवून दाखवायला लागली. "सणाला तरी उरेल का?" असं विचारायची. मी तिला शांतपणे समजावून सांगायचो की रमीत बुद्धीचा काही संबंध नसतो, सगळं नशिबावर असतं, आणि नशीब फिरतं. शेजारच्या बनुबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या, "वयनी, मास्तरांचं नशीब लय दमानं फिरतंय बघा."

ज्या रविवारी खटल्याला सुरुवात झाली, त्या दिवशी माझ्या हातात बारा पानं जुळलेली होती. तेराव्यासाठी मी किलवरच्या अठ्ठीची वाट बघत होतो, ती सुभेदारांनी दाबून धरली होती, आणि त्यांचा डाव लागल्यावर त्यांनी ती मला मुद्दाम दाखवली. वर म्हणाले, "मास्तर, पानं धरून बसू नगा. पानं म्हंजी काय गोदामातलं धान्य हाय व्हय? डोकं चालवावं मानसानं."

एखाद्या गणिताच्या शिक्षकाला भर पारावर डोकं चालवायला सांगणं ही काय सभ्यता झाली? मी उठून उभा राहिलो आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात म्हणालो, "ह्यात डोकं लागत असतं तर मी असा हरलो असतो का? हा खेळच नव्हे. हा शुद्ध जुगार आहे."

पारापलीकडच्या रस्त्यानं कोंडीबा हवालदार सायकल हातात धरून चालला होता. तो माणदेशाकडून नवीनच बदलून आलेला. घरची मेंढरं, स्वतः चार इयत्ता शिकून पोलिसात लागलेला, सरळ माणूस. तो थांबला. सायकल पाराला टेकवून माझ्यापुढे येऊन म्हणाला, "मास्तर, काय म्हनला ते पुन्यांदा म्हना."

इथं माझी खोड मला नडली. पस्तीस वर्षं शिकवल्यावर माणसाला पुन्हा सांगा म्हटलं की तो जास्त स्पष्ट सांगतो. मी सांगितलं. कोंडीबानं मान हलवली, खिशातून कागद काढला आणि बनुबाईंच्या नवऱ्याला पंच म्हणून हाक मारली.

पंचनामा पारावरच झाला. आप्पासो सत्यवचनी माणूस. कोंडीबानं विचारलं, "पैज कशावर?" आप्पासो म्हणाले, "साखरेच्या च्यावर." "साखर कुनाची?" "मास्तरांची." "दर येळी?" "दर येळी." तात्याबा आप्पासोचा सदरा ओढत होता, पण त्यांना वाटलं मुंगी चढली. पत्त्यांचे दोन्ही जोड जप्त झाले. त्यात चौकटची दुर्री हरवलेली असल्यामुळे आम्ही काड्याच्या पेटीचं झाकण कापून घातलं होतं, त्याचीही नोंद झाली. चिंचोके एका पिशवीत शिवून लाखेनं मोहोर केले. "सार्वजनिक जागी जुगार," कोंडीबा म्हणाला, "पार देवाचा असंना का, रस्ता सरकारचा हाय." जाताना त्यानं मला नमस्कार केला.

दोनच दिवसांत शाळेतून कागद आला. शिक्षा झाल्यास नोकरी आणि पेन्शन दोन्ही जातील, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. लीलाबाईनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि चुलीपाशी जाऊन बसली. मी तिच्यासमोर रडलो नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हातारपणी सुभेदारांनी पेन्शनवर मिशा पिळायच्या आणि मी मुलीच्या घरी जाऊन राहायचं, हे सारखं डोळ्यांपुढे यायला लागलं.

सल्ले मात्र भरपूर आले. तात्याबा म्हणाला, आम्ही पोथी वाचत होतो असं सांगू. मी विचारलं, जोकर कुठल्या अध्यायात आहे? शाळेतल्या एका शिक्षकानं सुचवलं, पत्ते मुलांना अपूर्णांक शिकवायला आणले होते असं सांगा. बनुबाईंनी लीलाबाईकडून औंधच्या यमाईला नवस बोलवून घेतला. नवसात सुटकेबरोबर रमी सुटावी अशीही अट लीलाबाईनं घातल्याचं मला नंतर कळलं. आप्पासोनी गुळाची एक ढेप पाठवून दिली. त्यांच्या सत्यवचनाची ती भरपाई असावी.

आम्ही चौघे त्याच्याकडे गेलो तेव्हा लालासाहेबानं मात्र खुर्चीत मागे रेलून सरळ कायदा सांगितला. "मास्तर, जिथं नुसतं नशीब तिथं जुगार. जिथं अक्कल लागते तिथं खेळ. खेळाला हा कायदा लागू नाही. रमीला अक्कल लागते एवढं दाखवलं की आपण सुटलो."

"मग सांगू की लागते म्हणून," मी म्हणालो.

"नुसतं सांगून भागत नाही. हवालदार म्हणणार, हेच तर जुगार म्हणत होते. अकलेनं सारखा जिंकणारा माणूस दाखवावा लागेल."

सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. लालासाहेब पुढे म्हणाला, "पण जिंकणारा म्हणजे निम्मा पुरावा. लोक म्हणतील, नशीबवान आहे. खरा पुरावा म्हणजे सारखा हरणारा. नशिबाचा खेळ असता तर तो कधीतरी जिंकला असता." आणि तो माझ्याकडे बघून थांबला. त्याला मी दोनदा नापास केलं होतं ते मी विसरलो नव्हतो, आणि तोही विसरला नव्हता.

घरी येताना मी तात्याबाला म्हटलं की आपण दुसरा वकील बघू. तात्याबा म्हणाला, दुसरा वकील फी घेईल. घरी मी लीलाबाईला सगळं समजावून सांगितलं. भर कोर्टात, साऱ्या तालुक्यासमोर, सुभेदार हुशार आणि मी मूर्ख असं मी स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं, असा तो बेत आहे, असं सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. "मग म्हणा ना," ती म्हणाली. "खोटं तर बोलायचं नाही."

तारखा पडत गेल्या. विट्याला जायची मोटार कोळशावर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. चार आरोपी, एक वकील आणि फिर्यादी पक्षाचा हवालदार अशा आम्ही सगळ्यांनी मिळून ती प्रत्येक तारखेला ढकलली. कोंडीबा माझ्या शेजारी खांदा लावायचा आणि म्हणायचा, "मास्तर, तुमी ऱ्हावा. तुमास्नी दम लागंल." त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

शेवटी एकदाचं काम चाललं. मॅजिस्ट्रेट चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे गृहस्थ होते. आधी मुद्देमाल आला. पिशवी पावसाळाभर कुठल्याशा गळक्या कोठारात पडून होती. कारकुनानं शिवण उसवली आणि तो मागे सरला. चिंचोक्यांना मोड आले होते. काहींना पानंसुद्धा फुटली होती. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "जप्त केले तेव्हा हे असेच होते का?" कोंडीबा म्हणाला, "न्हाई साहेब. तवा ते नुसतंच व्हतं."

मग लालासाहेबानं कोंडीबाची उलटतपासणी घेतली. रमीत पानं किती वाटतात? म्हाईत न्हाई. जोकर कधी चालतो? म्हाईत न्हाई. डाव लागला हे कशावरून कळतं? कोंडीबानं टोपी सारखी केली. सगळं कोर्ट हसलं. कोंडीबाचे कान लाल झाले. "मग तुम्हाला खेळ कळत नाही, तर हा जुगार आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"मला खेळ येत न्हाई साहेब," कोंडीबा म्हणाला. "पर मास्तर म्हनलं, जुगार हाय. मास्तर खोटं बोलत न्हाईत असं समदं गाव म्हनतं."

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या घरातही कुणी ठेवलेला नव्हता, आणि तो ठेवणारा माणूस माझ्याच वकिलाकडून हास्यास्पद ठरत होता.

आरोपींना विचारायचं झालं तेव्हा लालासाहेबानं मॅजिस्ट्रेटांची परवानगी काढून माझ्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुम्ही किती रविवार खेळलात?" मी म्हणालो, पन्नास धरा. "आणि किती वेळा हरलात?" मी म्हणालो, पन्नास धरा. मागे कुणीतरी खोकलं.

"नुसत्या नशिबानं असं होण्याचा संभव किती?"

आता प्रश्न गणिताचा झाला, आणि गणितापुढे मला लाज वगैरे राहत नाही. मी सांगितलं की चौघांत एक हरणार, तेव्हा एका रविवारी मी हरण्याचा संभव चारात एक. लागोपाठ दोन रविवार हरण्याचा सोळात एक. तिसऱ्या रविवारी चौसष्टात एक. असं करत मी चाललो. पाटीची एक बाजू भरली, मी उलटली, दुसरी भरली. मॅजिस्ट्रेट पुढे वाकून बघत होते. शिपाईसुद्धा दारातून आत आला होता. इतकं लक्ष देऊन मला कुठल्याही वर्गानं ऐकलेलं नाही. शेवटी ढोबळ मानानं एकावर तीस शून्यं आली. मी म्हणालो, "एवढ्यांत एक, साहेब."

"म्हणजे नशिबानं हे होणं शक्य नाही?"

"मुळीच शक्य नाही," मी ठामपणे म्हणालो. उत्तर बरोबर आल्याचा मला आनंद झाला होता.

"नशीब नाही, तर मग काय?"

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. समोर सुभेदार छाती काढून बसले होते. आप्पासो माझ्याकडे कळवळून बघत होते. कागदावरची पेन्शनची ओळ मला आठवली, आणि लीलाबाई चुलीपाशी बसलेली आठवली.

"अक्कल, साहेब," मी म्हणालो. "सुभेदारांना आहे. मला नाही."

"लिहून घ्या," मॅजिस्ट्रेट कारकुनाला म्हणाले.

आम्ही सुटलो. मोडांच्या चिंचोक्यांचं काय करायचं याबद्दल निकालात काही नव्हतं. मोटारीच्या थांब्यावर लालासाहेबानं मला वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, सरकार अपील करू शकतं. मुदत संपेपर्यंत तुम्ही जिंकू नका. जिंकलात असं कळलं तर तीस शून्यांवर पाणी पडेल." मी म्हटलं, त्याची काळजी तू करू नकोस. तो म्हणाला, नाही, तशी मला काळजी नाहीच.

गावानं जे करायचं ते केलं. शाळेच्या फळ्यावर सोमवारी एकावर तीस शून्यं काढलेली होती. मी ती मोजली आणि बरोबर आहेत म्हणून पुसली. बनुबाईंनी लीलाबाईला विचारलं, "सरकारी शिक्का बसला का वो मास्तरांवर?" लीलाबाई म्हणाली, "बसला. आता पुसत नाही." यमाईच्या नवसातल्या दुसऱ्या अटीचं मी तिला मुदतीनंतर बघू म्हणून सांगितलं, कारण खेळ अचानक बंद केला असता तर आम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं दिसलं असतं. हे लालासाहेबाचं मत नव्हतं, माझं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पारावर बसलो. पत्ते कोर्टातून काड्याच्या पेटीच्या झाकणासकट परत मिळाले होते. पहिला डाव सुरू होतो तोच कोंडीबा आला, साध्या कपड्यात, टोपी हातात घेऊन. तात्याबाच्या हातून पानं गळाली. "भिऊ नगा," कोंडीबा म्हणाला. "मला खेळ शिकायचाय. कोर्टात लय फजिती झाली माजी. आता कुनी इचारलं तर सांगता यावं." आणि तो नेमका माझ्या पाठीमागच्या पायरीवर बसला. खेळणाऱ्याच्या मागे कुणी थांबायचं नाही असा पलटणीचा कायदा होता, पण तो पोलिसाला सुनवायला सुभेदारांची जीभ उचलली नाही. मीच मग प्रत्येक रविवारी त्याला हळू आवाजात शिकवायला लागलो. मास्तर जुगार म्हणाले म्हणून त्यानं जुगार मानलं होतं, तेव्हा रमी नीट शिकवणं माझं कामच होतं. विद्यार्थी हुशार निघाला. माझं चुकलं की तो फक्त घसा साफ करायचा.

मुदत संपायला एक रविवार उरला होता. आप्पासोनी पानं वाटली. मी उचलली आणि सवयीनं लावायला लागलो. इस्पिकची चव्वी, पंजी, छक्की, सत्ती. बदामाची नव्वी, दश्शी, गुलाम. तीन राजे. तीन तिर्र्या. मी पुन्हा लावली. तेराच्या तेरा जुळलेली होती. काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही. नुसती मांडायची आणि सगळ्यांचे चिंचोके ओढायचे. सुभेदारांच्या सबंध आयुष्यात हे झालं नव्हतं.

मी पानं मिटून पोटाशी धरली. पाठीमागे कोंडीबाचा श्वास थांबलेला मला कळला. त्याला आता सगळं कळत होतं, मीच शिकवलं होतं. समोर सुभेदार म्हणाले, "काय मास्तर, झोपला का? तुमची पाळी हाय."

मी पानं मांडली तर सुभेदार एका घरात चार वेळा सांगतील, तात्याबा दुकानात दहा वेळा, आणि संध्याकाळपर्यंत विट्याला कळेल. कोंडीबा तर सरकारचाच माणूस. साखरेचा कप मला दिसत होता, आणि पेन्शनही दिसत होती. असं वाटलं की रडावं. पण पलटणीच्या कायद्यात तोंड वाकडं करायला बंदी होती. मी गड्डीतून एक पान उचललं, कुठलं होतं ते पाहिलंही नाही, आणि बदामाची दश्शी खाली टाकली.

सुभेदारांनी ती झडप घालून उचलली. दोन-तीन फेऱ्यांतच त्यांचा डाव लागला. पानं मांडत ते म्हणाले, "मास्तर, असली पानं टाकत्यात व्हय? कोर्टानं सांगितलं ते उगीच न्हाई." माझे चिंचोके संपले. चहा माझ्याच घरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर कोंडीबा दारात सायकल धरून उभा. या वेळी गणवेशात होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं, खिशातून कागदाची छोटी पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"काय हे?"

"माज्या कार्डावरची हाय. जिंकनाऱ्याचा च्या साखरेचा, असं पंचनाम्यात म्याच लिवलंय," तो म्हणाला. "म्या बघितलं काल, मास्तर. कुनाला सांगत न्हाई." आणि सायकलवर बसून चौकीकडे गेला.

मी शाळेला न जाता परत घरात शिरलो आणि लीलाबाईला साखरेचा चहा करायला सांगितला. तिनं पुडी उघडून बघितली. "कुणी दिली?" मी म्हटलं, पोलिसांनी. तिनं पुडी हातावर तोलली. "जिंकलात होय?"

"मुदत संपली की सांगतो," मी म्हणालो.

तिनं चहा केला. मी कप जरा वर धरला आणि एक घोट घेतला. दुसरा घेणार तोच तिनं माझ्या हातातून कप काढून अर्धा चहा स्वतःच्या बशीत ओतून घेतला. वर्षभराची साखर तिची गेली होती, म्हणून मी काही बोललो नाही.